पुंता कानाच्या ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्टला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थँक्सगिव्हिंग, नाताळ किंवा मार्चमधली शाळेची सुट्टी जवळ आली की अमेरिकेतल्या मराठी घरांत कॅरिबियनचे बेत शिजायला लागतात, आणि त्यात डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाचं नाव हमखास येतं. न्यूयॉर्कहून साधारण चार तास, मायामीहून अडीच तास, आणि एकदा पैसे भरले की जेवणाखाण्याचा हिशोब डोक्यातून गेला. पण सगळे पैसे आधीच भरायचे असल्यामुळे चूकही आधीच होते. तिथे पोचल्यावर किनारा बदलता येत नाही आणि स्वयंपाकघरही बदलता येत नाही. म्हणून माझं एकच आग्रहाचं सांगणं असतं: फोटो बघून रिसॉर्ट ठरवू नका, सोबत कोण येणार आहे ते बघून ठरवा. बाकीची उत्तरं बहुतेक त्यातूनच निघतात.

ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे नेमकं काय काय आलं?

खोली, तिन्ही वेळचं जेवण, मधलं खाणं, चहा-कॉफी, सरबतं, दारू, संध्याकाळचे नाचगाण्याचे कार्यक्रम, बहुतेक ठिकाणी मुलांसाठी किड्स क्लब, आणि इंजिन नसलेले पाण्यातले खेळ, म्हणजे कयाक वगैरे. दर खोलीमागे नसून माणशी असतो, हे जाहिरात वाचताना लक्षात ठेवा. मोठ्या अक्षरातला आकडा बहुधा दोघांनी एक खोली वाटून घेतल्यावरचा, एका माणसाचा असतो.

स्पा, जेट स्की, पॅरासेलिंग, बाहेरच्या सहली, उंची वाइन, कपडे धुणं, उशिरापर्यंत खोली ठेवणं हे साधारणपणे दरात नसतं. विमानतळावरून नेणं-आणणं काही पॅकेजांत असतं, काहींत नसतं. 'रिसॉर्ट क्रेडिट' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं तर अटी वाचा. ते बहुतेक वेळा स्पावरच्या सवलतीच्या कुपनांत तुकड्यातुकड्याने मिळतं, रोख रकमेसारखं वापरता येत नाही.

आम्ही दारू पीत नाही आणि घरात दोघं शाकाहारी आहेत. पैसे वसूल होतील का?

दरात दारू आणि मासे-मटण धरलेलं असतं, तुम्ही घ्या किंवा नका घेऊ. न पिणाऱ्यांना वेगळा दर मिळत नाही. त्यामुळे चार मोठी माणसं, त्यातली तीन न पिणारी, असं कुटुंब असेल तर पुंता कानातल्या बावारोच्या लोस कोरालेस भागात किंवा दक्षिणेकडच्या बायाईबेमध्ये स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट स्वस्त पडू शकतं. दोन्ही हिशोब कागदावर मांडा.

पण लहान मुलं आणि आजी-आजोबा एकत्र असतील, तर मी तरीही रिसॉर्टच सुचवते. कुणी चार वाजता भुकेलं, कुणाला फक्त दहीभाताएवढंच काहीतरी हवं, कुणी पोहून आल्या आल्या आडवं झालं, आणि घरातल्या कुणालाच ओट्यापाशी उभं राहावं लागलं नाही. सुट्टीतही घरातली बाईच चार दिवस पोळ्या लाटणार असेल तर ती तिची सुट्टी नव्हे.

भारतीय पासपोर्टवर डॉमिनिकन रिपब्लिकचा व्हिसा लागतो का?

एरवी लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा अथवा कायम वास्तव्याचा परवाना असेल तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा न काढता प्रवेश मिळतो. ग्रीन कार्डवाल्यांनी कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही सोबत ठेवावेत. टुरिस्ट कार्डाचं शुल्क आता विमानाच्या तिकिटातच धरलेलं असतं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली असू द्या. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी वाणिज्य दूतावासाच्या आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. काउंटरवर अडवणारा माणूस विमान कंपनीचा असतो, आणि तो त्याच्या संगणकात जे दिसतं तेच मानतो.

माझ्या एच-वन बी (नोकरीच्या) व्हिसाचा पासपोर्टवरचा स्टॅम्प संपलाय, पण आय-७९७ (अर्ज मंजूर झाल्याची नोटीस) आहे. जाऊ का?

पुंता कानाला नको. सगळ्यात जास्त घोडं अडतं ते इथेच. स्टॅम्प संपलेला असतानाही तीस दिवसांच्या आतल्या प्रवासानंतर अमेरिकेत परत येऊ देणारी जी सवलत आहे, ती एच-वन बी साठी फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थ्यांना ती क्युबा वगळता शेजारच्या बेटांसाठीही लागू होते, आणि त्या यादीत डॉमिनिकन रिपब्लिक, जमैका, बहामा येतात. पण कोणत्याही देशात शिरताना त्या देशाला काय लागतं हा प्रश्न वेगळाच उरतो. डॉमिनिकन रिपब्लिकला वैध व्हिसा हवा असतो. मेक्सिकोलाही वैध अमेरिकी व्हिसा किंवा स्वतःचा व्हिसा लागतो.

ग्रीन कार्डासाठीचा आय-४८५ अर्ज प्रलंबित असेल तर अ‍ॅडव्हान्स परोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात नसताना देश सोडला की अर्ज सोडून दिल्यासारखं धरलं जातं. वैध एच-वन आणि एल-वनवाल्यांना त्यात सूट आहे. अशा कुणीही आधी वकिलाला विचारावं. चार दिवसांच्या समुद्रासाठी दहा वर्षांची रांग पणाला लावू नये.

आई-बाबा बी-टू (पर्यटक) व्हिसावर आलेत. त्यांना नेता येईल?

बहुप्रवेशाचा वैध व्हिसा असेल तर येईल. मात्र परत आल्यावर पुन्हा नवे सहा महिने मिळतीलच असं धरून चालू नका. बेटांवरच्या छोट्या फेरीनंतर बहुधा आधीचाच उरलेला काळ मोजला जातो. परतल्यावर आय-९४ (अमेरिकेत राहायची मुदत दाखवणारी नोंद) वरची तारीख ऑनलाइन बघा आणि त्यांचं भारतात जायचं तिकीट त्याच्या आत आहे ना ते तपासा.

भारतातून थेट जायचं असेल तर?

थेट विमान नाही. युरोपातून किंवा अमेरिकेतून जावं लागतं, आणि मुंबईहून चोवीस तासांच्या वर सहज जातात. मधल्या विमानतळाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का तेही बघावं लागतं. माझं स्पष्ट मत असं की केवळ वाळू आणि निळं पाणी यासाठी भारतातून इतक्या लांब येऊ नये. अमेरिकेत मुलांकडे आलाच असाल तर त्याला चार-पाच दिवस जोडून घ्या.

ई-तिकीट म्हणजे विमानाचंच तिकीट ना?

नाही. डॉमिनिकन रिपब्लिकचा येण्या-जाण्याचा आणि कस्टम्सचा ऑनलाइन फॉर्म आहे, त्यालाच ई-तिकीट म्हणतात. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट भरायचा असतो. शोधताना पैसे मागणारी खासगी पानं वर येतात, त्यांच्या नादी लागू नका. संपूर्ण कुटुंबाचा फॉर्म एकत्र भरता येतो. शेवटी क्यूआर कोड मिळतो, एक येण्याचा आणि एक जाण्याचा. दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कागदावरही छापा. परतीच्या दिवशी विमानतळावर नेट चालेनासं झालं की कागदच कामाला येतो.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि सुखाची असते. दर मात्र याच काळात चढलेले असतात, नाताळच्या आठवड्यात तर डोळे पांढरे करणारे. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर जोखमीचा. १९ सप्टेंबर २०२२ ला फिओना वादळ पुंता कानाच्याच बाजूला, बोका दे युमाजवळ जमिनीवर आलं होतं. या काळात दर उतरतात आणि बहुतेक दिवस चांगलेही जातात, पण मग विमा हवाच. तोही लवकर. वादळाला एकदा नाव पडलं की त्यानंतर काढलेला विमा त्या वादळाची भरपाई देत नाही.

माझी पसंती एप्रिलचा शेवट ते मे. पाऊस पडतो तो तासाभराचा, आणि गर्दी उतरलेली असते. समुद्री शेवाळाचा प्रश्न मात्र त्याच वेळी सुरू होतो, आणि त्याकडे कानाडोळा करू नये.

किनाऱ्यावर तपकिरी गवत साचतं म्हणतात, ते काय?

त्याला सरगॅसम म्हणतात. खुल्या अटलांटिकमध्ये तरंगत वाढणारं हे शैवाल २०११ पासून कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर प्रचंड प्रमाणात यायला लागलं. साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत त्याचा जोर असतो, पण वर्षावर्षात फरक पडतो. पाण्यात असेपर्यंत ते निरुपद्रवी असतं. किनाऱ्यावर ढीग कुजायला लागला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो. दमा असणाऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो.

रिसॉर्टवाले समुद्रात तरंगते अडसर टाकतात आणि पहाटेपासून माणसं दाताळी, ट्रॅक्टर घेऊन ते उचलत असतात. सकाळी सहाला किनाऱ्यावर गेलात तर ही मेहनत डोळ्यांनी दिसेल. भल्या मोठ्या घमेल्यांतून ओलं, जड शैवाल वाहून नेलं जातं आणि नऊ वाजता पाहुणे येतात तेव्हा वाळू पुन्हा पांढरी झालेली असते. पण जास्त आलं तर कितीही मेहनत अपुरी पडते. म्हणून या महिन्यांत जायचं असेल तर किनारा कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते बघा.

म्हणजे कोणता भाग निवडावा?

'पुंता काना' या एका नावाखाली पुष्कळ वेगवेगळे किनारे विकले जातात.

बावारो हा सर्वांत गजबजलेला भाग. लांबलचक पांढरी वाळू, पुढे प्रवाळाची भिंत असल्याने बहुतेक ठिकाणी लाटा बेताच्या, बाजार हाकेच्या अंतरावर. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी इथेच जावं. तोंड पूर्वेला असल्याने सूर्य समुद्रातून उगवतो. कोकणातल्या माणसाला हे थोडं उलटं वाटतं, पण पहाटे उठून बघण्यासारखं असतं. पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे सरगॅसमही याच बाजूला येतं.

काप काना हा विमानतळाजवळचा, कुंपणाआतला, महागडा भाग. तिथला हुआनियो किनारा फार सुंदर आहे.

उवेरो आल्तो उत्तरेला, विमानतळापासून पाऊण तासाच्या आसपास. रिसॉर्ट नवी, मोठी, शांत. पण समुद्र खवळलेला असतो आणि लाल झेंडा वारंवार लागतो. पोहण्यासाठीच जाणाऱ्यांनी आणि लहान मुलं असणाऱ्यांनी इथे विचार करून जावं. फोटोत लाटेचा जोर दिसत नाही.

बायाईबे आणि दोमिनिकुस हे दक्षिणेला, तासाभराच्या अंतरावर, खऱ्या कॅरिबियन समुद्रावर. पाणी निवांत, सरगॅसम बरंच कमी, आणि सूर्यास्त समुद्रात. आजी-आजोबा आणि पाच-सहा वर्षांची नातवंडं बरोबर असतील तर मी डोळे मिटून बायाईबे सांगते. रिसॉर्ट थोडी जुनी आहेत, झगमगाट कमी आहे, पण गुडघाभर पाण्यात आजी निर्धास्त उभी राहू शकते.

आणखी एक: 'अ‍ॅडल्ट्स ओन्ली' लिहिलेलं आहे का ते बघा. तिथे अठराच्या खालच्या मुलांना प्रवेशच नसतो, आणि एकाच समूहाची मुलांची व बिनमुलांची अशी दोन रिसॉर्ट शेजारी शेजारी, जवळजवळ सारख्या नावांची असतात.

आई-बाबांसाठी खोली घेताना काय विचारावं?

लिफ्ट आहे का. पुष्कळ रिसॉर्ट तीन-मजली इमारतींची असतात आणि त्यांत लिफ्ट नसते. लॉबीपासून, बुफेपासून अंतर किती, गोल्फ कार्ट किती वेळाने येते. तळमजल्यावरची खोली हवी हे आरक्षणानंतर ईमेलने कळवा, जायच्या आठवडाभर आधी पुन्हा आठवण करा, आणि पोचल्यावर काउंटरवर तोच ईमेल दाखवा. बाथरूममध्ये टब आहे की सरळ शॉवर, हेही विचारा. टबची कड ओलांडणं गुडघेदुखीच्या माणसाला जिवावर येतं.

शाकाहारी माणसाला तिथे खायला काय मिळतं?

पुष्कळ मिळतं, पण विचारून घ्यावं लागतं, आणि काय विचारायचं ते माहीत असावं लागतं.

डॉमिनिकन घरगुती जेवण म्हणजे भात, उसळ आणि वर मांस. त्यातली उसळ, म्हणजे आबिचुएलास, राजम्याच्या जवळची असते आणि भातावर घेतली की जीव भांड्यात पडतो. पण ती कधी कधी डुकराच्या मांसाचा तुकडा किंवा चिकनचा रस्सा घालून शिजवतात. नुसतं 'वेहेतारियानो' (शाकाहारी) म्हणून भागत नाही, कारण मासे आणि चिकनचा रस्सा पुष्कळांच्या लेखी त्यात चालतो. सरळ सांगा: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन. मांस नको, चिकन नको, मासे नको, हॅम नको. रश्श्यासाठी 'सिन काल्दो दे पोयो'. अंडं नको असेल तर 'सिन वेवो'. हे स्पॅनिशमध्ये एका कार्डावर लिहून घ्या आणि काउंटरमागच्या स्वयंपाक्याला दाखवा. ते कार्ड वाचून तो आत जाऊन विचारून येतो, असाच माझा अनुभव आहे.

सकाळी मांगू शोधा. कच्ची केळी उकडून, लोण्यासारखी मऊ घोटून केलेलं भरीत म्हणा ना, आणि वर व्हिनेगरमध्ये परतलेला लाल कांदा. सोबतचं सलामी आणि तळलेलं चीज वेगळं वाढलेलं असतं, त्यामुळे नुसतं मांगू आणि चीज घेता येतं. तोस्तोनेस म्हणजे कच्च्या केळ्याचे दोनदा तळलेले चपटे काप. युका म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच कंद, उकडलेला किंवा तळलेला. चतुर्थी-एकादशी करणाऱ्यांना उकडलेली युका, रताळी आणि फळं यांवर उपास सहज निभतो.

आणि एक गोष्ट चुकवू नका: मोरो दे ग्वांदुलेस. ग्वांदुलेस म्हणजे आपल्या तुरीचे ओले दाणे, विदर्भात ज्यांना सोले म्हणतात ते. नारळाच्या दुधात, तांदळाबरोबर शिजवलेले. नाताळाच्या दिवसांत घरोघरी हा भात असतो. पातेल्याच्या तळाला लागलेली खरपूस खरवड, तिला तिथे कोनकोन म्हणतात, आवडीने मागून घेतात. बुफेवरच्या भाताच्या भांड्यात ती येत नाही, पण डॉमिनिकन जेवणाच्या काउंटरवर विचारलंत तर स्वयंपाकी खूश होऊन आतून आणून देतो. तांदळात मांस घातलं आहे का ते तेवढं विचारा.

जैन कुटुंबांनी मात्र रिसॉर्टच्या शेफला आधीच ईमेल करावा. कांदा-लसूण इथल्या जवळजवळ प्रत्येक पातेल्यात असतो. ज्या मोठ्या रिसॉर्टमध्ये भारतीय लग्नं होतात, तिथल्या स्वयंपाकघराला आपल्या पथ्यांची सवय असते. 'तुमच्याकडे भारतीय लग्नं होतात का?' हा प्रश्न म्हणूनच कामाचा आहे.

घरचं खाणं नेता येतं का? इलेक्ट्रिक कुकर?

कारखान्यात बंद केलेलं कोरडं खाणं, म्हणजे खाकरे, चिवडा, तयार उपमा-पोह्यांची पाकिटं, साधारणपणे चालतं. ताजी फळं, भाज्या, मांस, दुधाचे पदार्थ नेऊ नका. लोणचं हवंच असेल तर लहान बंद पुड्या न्या आणि सामानात ठेवा. वीज अमेरिकेसारखीच ११० व्होल्ट, सपाट दोन पायांचा प्लग, त्यामुळे अमेरिकेतल्यांना काही वेगळं लागत नाही. भारतातून आणलेली २२० व्होल्टची केटली मात्र चालणार नाही. खोलीत कुकर लावायला बहुतेक रिसॉर्टची परवानगी नसते. गरम पाण्यासाठी खोलीतलं कॉफीचं यंत्र पुरतं.

पाणी आणि पोट?

नळाचं पाणी पिऊ नका, दातही बाटलीच्या पाण्याने घासा. खोलीत बाटल्या रोज ठेवतात. मोठ्या रिसॉर्टमध्ये बर्फ शुद्ध पाण्याचा असतो. पोट बिघडतं ते बहुधा तासन् तास उघड्या राहिलेल्या बुफेच्या पदार्थांनी आणि उन्हात बसून घेतलेल्या थंडगार गोड पेयांच्या माऱ्याने. ओआरएसची पाकिटं जवळ असू द्या.

मासे खाणाऱ्यांसाठी एक सूचना: बाराकुडासारखे प्रवाळातले मोठे मासे टाळा. त्यांत सिग्वातेरा ही विषबाधा करणारं विष साचू शकतं आणि ते शिजवून जात नाही.

कपडे कोणते न्यावेत?

बुफेला काहीही चालतं, फक्त ओल्या पोहण्याच्या कपड्यांत जाऊ नये. संध्याकाळच्या आ ला कार्त, म्हणजे मेनू बघून मागवायच्या, रेस्टॉरंटांत पुरुषांना पूर्ण पँट आणि बंद बूट लागतात. चप्पल घातली म्हणून दारातून परत पाठवतात, तेव्हा एक जोड नक्की टाका. बायकांना साडी, कुर्ता, ड्रेस सगळं शोभतं.

तलावात सुती सलवार किंवा टी-शर्ट घालून उतरू देत नाहीत. ज्यांना अंग झाकलेलं हवं त्यांच्यासाठी पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखालपर्यंतचे पोहण्याचे कपडे मिळतात, ते आईसाठी घरूनच घेऊन चला. रिसॉर्टच्या दुकानात दुप्पट किंमत असते आणि माप मिळत नाही. खडक आणि प्रवाळासाठी पाण्यात घालायचे रबरी बूटही घ्या.

ऊन खरंच इतकं कडक असतं का? आपल्याला तर सवय आहे.

पुंता काना आणि पुणे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेअठरा अंशांच्या आसपास. म्हणजे ऊन आपल्या ओळखीचंच. पण न्यू जर्सीच्या हिवाळ्यातून आलेल्या कातडीला ती ओळख उरलेली नसते, आणि पुण्यात आपण दुपारी बाराला उघड्यावर पडून राहत नाही. वारा सतत असल्याने भाजतंय हे कळत नाही. सावळी कातडीही भाजते. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घ्या, ते प्रवाळालाही कमी बाधतं, आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा. मुलांना अकरा ते तीन सावलीत ठेवा.

समुद्रात पोहणं सुरक्षित आहे का?

झेंडा बघून. लाल असेल तर पाय भिजवण्यापुरतंही आत जाऊ नका. परतीचा प्रवाह माणसाला आत ओढतो तेव्हा किनाऱ्याच्या दिशेने जीव खाऊन हात मारले की दमछाक होते. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यायचं आणि मग वळायचं. प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक असतोच असं नाही. दारू पिऊन समुद्रात उतरू नका, आणि मुलं पाण्यात असताना घरातल्या एका मोठ्या माणसाने फोन बाजूला ठेवून फक्त त्यांच्याकडे बघायचं. दहा माणसांच्या घोळक्यात प्रत्येकाला वाटतं की दुसरा कुणीतरी बघतोय. हे मी कळवळून सांगते आहे.

डास? गरोदरपणात गेलं तर चालेल?

डेंग्यू आहे, त्यामुळे दिवसाही डास टाळायला हवेत. डीट किंवा पिकारिडीन असलेलं मलम न्या, संध्याकाळी पूर्ण बाह्या घाला. झिका विषाणूचा इतिहास असल्याने गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोला, नंतर नव्हे.

औषधं आणि विमा?

रक्तदाब, मधुमेहाची औषधं मूळ डब्यांत, चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत. आणीबाणीचा क्रमांक तिथेही ९११ आहे. खासगी रुग्णालयं आधी पैसे किंवा कार्ड मागतात. अमेरिकेचं मेडिकेअर तिथे चालत नाही. आई-बाबांचा 'व्हिजिटर' विमा अमेरिकेपुरताच आहे की बाहेरच्या छोट्या प्रवासालाही लागू आहे, ते पॉलिसीत शोधा. सापडलं नाही तर वेगळा प्रवास-विमा घ्या. 

रोख पैसे किती? टिप द्यायची का?

पेसो हे चलन आहे, पण डॉलर सगळीकडे चालतात. एक डॉलरच्या नोटांचं एक पुडकं बँकेतून घेऊनच निघा. नाणी नकोत, ती त्यांना बदलून मिळत नाहीत. रिसॉर्टबाहेरच्या रेस्टॉरंटात बिलावर १८ टक्के कर आणि १० टक्के सेवाशुल्क लागतं, ते धरून चाला.

टिप सक्तीची नाही, पण द्या. खोली आवरणारी बाई, बुफेत रोज तुमचं टेबल सांभाळणारा, सामान उचलणारा, आणि ज्या स्वयंपाक्याने तुमच्या कार्डासाठी आत-बाहेर केलं तो. यांतले पुष्कळ जण इगुएय किंवा त्याहून लांबून बसने येतात आणि पगार बेताचे असतात. रोजची रोज द्या, कारण शेवटच्या दिवशी पाळीवर दुसरंच कुणी असू शकतं. सोबत 'ग्रासियास' म्हणा आणि नाव विचारा. आपले काही पाहुणे बोटाने खुणावून बोलावतात, ते मला फार खटकतं.

विमानतळावर आणि पहिल्या दिवशी काय सांभाळायचं?

गाडी आधीच ठरवा आणि चालकाच्या हातातल्या पाटीवर तुमचंच नाव आहे ना ते बघा. लहान मुलासाठी गाडीतली खुर्ची आधी सांगून मागा. खोली साधारण तीन वाजता मिळते, म्हणून पोहण्याचे कपडे आणि औषधं वरच्या पिशवीत ठेवा. मनगटावर पट्टा बांधला की जेवणखाण सुरू.

मग कुणीतरी गोड आवाजात दुसऱ्या दिवशीच्या 'स्वागत-नाश्त्याचं' निमंत्रण देईल. ती टाइमशेअरची, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क आधीच विकत घ्यायला लावण्याची, विक्री असते. तासाचे तीन तास होतात. 'नो, ग्रासियास' एवढंच म्हणा आणि पुढे चला. त्याऐवजी त्या वेळात आ ला कार्त रेस्टॉरंटची आरक्षणं करून टाका, ती पहिल्याच दिवशी भरतात.

रिसॉर्टबाहेर पडावं का?

एक दिवस तरी पडाच. भिंतीच्या आत राहून फक्त तलाव दिसतो.

साओना बेट सगळ्यांत लोकप्रिय. बायाईबेहून बोट निघते. वाटेत कमरेएवढ्या पाण्याचा उथळ भाग लागतो, तिथल्या तारामाशांना फोटोसाठी पाण्याबाहेर काढू नका, ते मरतात. स्पीडबोट जोरात आपटते, त्यामुळे पाठदुखीवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी दोन्ही वेळा कॅटमरान, म्हणजे दोन सांगाड्यांची बोटच मागावी. पुंता कानातलं ओहोस इंदिहेनास हे गोड्या पाण्याच्या तळ्यांचं राखीव जंगल अर्ध्या दिवसात होतं आणि आजी-आजोबांनाही झेपतं. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत 'सामाना' नावाच्या आखातात कुबड देवमासे येतात, पण तो लांबचा, दमवणारा दिवस आहे.

माझ्या मते सर्वांत मोलाचा दिवस सांतो दोमिंगोचा, गाडीने दोन-अडीच तास. अमेरिका खंडांतलं युरोपियनांनी वसवलेलं हे सर्वांत जुनं टिकून राहिलेलं शहर, आणि तिथलं कॅथेड्रल या खंडांतलं पहिलं. जुना भाग १९९० पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. या बेटाच्या मूळ रहिवाशांचं, ताइनो लोकांचं, काय झालं हे मुलांना इथे उभं राहून सांगता येतं. मुलांना बेसबॉलचं वेड असेल आणि ऑक्टोबर ते जानेवारीत गेलात, तर ला रोमानाच्या मैदानावर स्थानिक लीगचा सामना बघा.

रात्री एकट्याने भटकू नका, भाड्याची मोटरसायकल घेऊ नका. टॅक्सी रिसॉर्टमधूनच बोलवा आणि भाडं बसण्याआधी ठरवा.

येताना काय आणावं, काय आणू नये?

लारिमार हा आकाशी-निळा दगड जगात फक्त याच देशात, बाराओनाच्या डोंगरांत सापडतो. खरा हवा असेल तर किनाऱ्यावरच्या फेरीवाल्याकडून न घेता पावती देणाऱ्या दुकानातून घ्या. भाजलेली कॉफी आणि कोकोही चांगले मिळतात. प्रवाळ, शंख, शिंपले उचलून आणू नका. फळं तिथेच खाऊन संपवा. बॅगेत चुकून राहिलेला एक आंबासुद्धा अमेरिकेत उतरल्यावर जाहीर केला नाही तर दंड होतो, आणि ग्लोबल एंट्री (इमिग्रेशन झटपट पार करण्याची सवलत) असेल तर तीही जाऊ शकते. पाकिटातलं खाणंही फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला सांगा. सांगितलेलं फार तर काढून घेतात.